ट्रंकेतली जिवती

अमीनला आयुष्यात एकच प्रश्न अवघड जायचा, आणि तो हमखास लग्नाच्या पंगतीत समोर यायचा.

“पावणं, करता काय तुमी?”

“संग्रहालयात असतो. अभिरक्षक.”

“म्हंजे?”

“जुनी छापील चित्रं, हातानं काढलेली रेखाटनं. सगळे कागदच. ते सांभाळतो.”

“मग तलाठी हाय म्हणा की.”

यावर वाद घालणं त्यानं पंधरा वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. तलाठ्याला निदान लोक भितात. त्याच्या खोलीवर ‘अभिरक्षक, मुद्राचित्रे व रेखाचित्रे’ अशी पाटी होती. ती वाचून आजवर एकच माणूस आपणहून आत आला होता, आणि त्याला रबरी शिक्के करून हवे होते.

कामही सांगण्यासारखं नव्हतं. कागद उजेडाला भितो. तीन महिने भिंतीवर टांगला की तीन वर्षं पेटीत निजवावा लागतो. म्हणजे अमीनला पगार चित्रं दाखवण्याचा कमी आणि लपवण्याचा जास्त मिळत होता. शाळेच्या सहली यायच्या, मास्तर विचारायचे, “चित्रं कुठायत?” अमीन म्हणायचा, “विश्रांती घेतायत.” मास्तरांना ते मनापासून पटायचं.

त्याच्या पेट्यांत चार हजारांवर कागद होते. दरबारी चित्रकारांनी काढलेले हत्ती होते, सिनेमाची पोस्टरं होती, कुस्तीच्या मैदानांची हँडबिलं होती, तपकिरीच्या डब्यांची लेबलं होती. नव्हता तो एकच कागद, आणि अठ्ठावीस वर्षं तो तेवढाच शोधत होता.

त्याचे वडील कामिलभाई यांचा शिवाजी पेठेत शिळाछापखाना होता. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड भिजवायचा, शाईचा रूळ फिरवायचा आणि वर कागद दाबायचा. दगडावर जे डावीकडं, ते कागदावर उजवीकडं येतं. त्यामुळं अक्षरं उलटी लिहावी लागत. कामिलभाई उलटी अक्षरं इतकी सराईत लिहीत की सुलटी लिहिताना अडखळत. बँकेत त्यांची सही कधीच जुळली नाही.

वर्षभर छापखाना लग्नपत्रिकांवर चाले. आषाढ लागला की मात्र एकच काम, जिवती. श्रावणात देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर चिकटवतात तो कागद. वर नरसिंह आणि नागाला नमवणारा कृष्ण, खाली हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि मध्ये अंगाखांद्यावर पोरं घेतलेली जिवती. बायकांनी महिनाभर तिला हळदकुंकू वाहायचं, पोराबाळांना आयुष्य मागायचं आणि श्रावणाच्या शेवटी, पिठोरी अमावास्येला, तो कागद पाण्यात सोडायचा. पुढच्या वर्षी नवा घ्यायचा.

“आपला माल टिकत नाही,” कामिलभाई म्हणत, “म्हणून आपला धंदा टिकतो.”

अर्धं कोल्हापूर त्यांची जिवती लावत होतं आणि अर्धं कोल्हापूर ती इमानेइतबारे बुडवत होतं. उरलेल्या प्रतीही कामिलभाई रद्दीत घालत नसत. “उद्या कुणी तिच्यात शेंगदाणे बांधले तर?” असं म्हणून ते स्वतः पंचगंगेवर जाऊन त्या सोडून येत. पुढं ऑफसेटवर छापलेल्या सतरा रंगांच्या जिवत्या आल्या आणि छापखाना मिटला. एका दगडावर शेजारी धुणं धुऊ लागले, एक कुणाच्या तरी उंबऱ्याला लागला. जिवतीचा दगड कुणी घासून कोरा करून नेला, ते कळलंच नाही.

आता यात एवढं शोधण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. तर अमीन दोन वर्षांचा असताना त्याची अम्मी, अमीरबी, गेली. तिचा फोटो नव्हता. “चित्र काढणाऱ्यानं फोटो कशाला काढायचा?” असं म्हणत कामिलभाई तो पुढं ढकलत राहिले. जिवतीच्या दगडासाठी त्यांनी तिला समोर बसवलं, तेव्हा अमीरबीनं तोंड पदरात घेतलं आणि नुसते हात पुढं केले.

“हात काढा. तोंड नको. पेठेतल्या बायका ओळखतील आणि मला रस्त्यात ओवाळतील.”

म्हणून जिवतीचं तोंड एका जुन्या छापावरून घेतलं, आणि हात अमीरबीचे. एक हात मांडीवरच्या पोराच्या डोक्याखाली, दुसरा त्याच्या छातीवर थोपटणारा. त्या हाताची करंगळी जराशी वाकडी, लहानपणी जात्यात सापडलेली. मांडीवरचं पोर म्हणजे अमीन. पण त्याला फारसं महत्त्व नाही, त्या वयात सगळी पोरं सारखीच दिसतात.

“डावखुरी होती तुझी अम्मी,” कामिलभाई सांगत. “तिला बघून सरळ दगडावर काढली, आणि छापात उजवी झाली बिचारी. दगडावर बरोबर होती.”

लहानपणी अमीनच्या डोक्यावर दोऱ्यांवर शंभर-शंभर जिवत्या वाळत असत. तो खालून चेंडू मारत असे. रोज दिसणारी गोष्ट कोण जपून ठेवतो?

*

अमावास्येला नऊ दिवस होते, त्या मंगळवारी संग्रहालयाच्या जिन्यावर धाप ऐकू आली. आधी एक ट्रंक वर आली. ट्रंकेखाली साठीला टेकलेला, टक्कल पडलेला, मिशा मात्र पैलवानी ठेवलेला माणूस होता. त्याच्या मागून एक म्हातारी आली. तिच्याबरोबर मिरचीचा असा काही वास आला, की अमीनची सहकारी क्रांती आतल्या खोलीतूनच शिंकली.

“कागद सोडवून देणारं सायेब तुमीच व्हय?” म्हातारीनं विचारलं.

“मीच. बसा मावशी.”

“पेपरात आलतं. भित्तीवरचं जुनं चित्र न फाडता काढलं म्हणून. म्हणून आलो.”

कोल्हापुरात बायकाही ‘आलो’ आणि ‘गेलो’च म्हणतात. व्याकरण घाटापलीकडं राहतं आणि तिथं सुखी आहे.

म्हातारीचं नाव चिमणाबाई. शिवाजी पेठेत तिचं चटणी कांडपाचं मशीन होतं. चाळीस वर्षं पेठेची मिरची तिनं कुटली होती आणि पेठेला रडवलं होतं. ट्रंक डोक्यावरून उतरवणारा तिचा मुलगा, विजयसिंह.

“ह्यो धाव्वीत तीनदा नापास झाला,” ती म्हणाली.

“आये, गणितात फकस्त,” विजयसिंह म्हणाला. त्याचं वय अठ्ठावन्न होतं.

“आनि पळून गेला. सतरा वर्साचा हुता. श्रावण चालू हुता, भित्तीवर जिवती लावल्याली. तिला म्हणलं, बये, सगळ्या गावाची पोरं राखतीस, माझंच कसं गं सुटलं तुझ्या हातनं? आता हे परत येस्तवर तुला मी सोडत न्हाय. ट्रंकेच्या झाकणाला आतनं चिकटवली आनि कुलूप घातलं.”

देवीला ओलीस धरल्याची गोष्ट अमीन पहिल्यांदाच ऐकत होता. पण चिमणाबाईच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. तिच्या मते तो व्यवहार होता, आणि आता तो पुरा व्हायची वेळ आली होती.

“मग हे मधे कधी आलेच नाहीत?”

“यायचा की. सुरतेसनं यायचा, मस्कतासनं यायचा. दोन वर्सातनं एकदा, बॅगा घिऊन. पंधरा दिवसांनी परत. त्याला येणं म्हणत न्हाईत सायेब, त्याला पावणा म्हणत्यात. दर पिठोरीला आईनं खीर-पुरीचं वाण डोक्यावरनं मागं धरायचं आनि इचारायचं, अतीत कोण? म्हंजे, घेणारं कोण हाय? पाठीमागनं पोरानं ‘मी’ म्हणायचं आनि वाण घ्यायचं. एक्केचाळीस वर्सं मी रिकाम्या खोलीला इचारतोय. एकदा मांजर म्याव म्हणलं, त्याला दिलं.”

विजयसिंह ट्रंकेच्या कडीकडं बघत राहिला.

“औंदा पाडव्याला आला त्यो कायमचा. कळंब्याला फ्लॅट घेतलाय, लिफ्ट हाय. आता जातो म्हणत न्हाय. मग माझा शबूद मी पाळाय नको? ह्या आवसेला कळंब्याच्या तळ्यात सोडतो तिला. पन खळ लई घट बसलीया. न फाडता काढून द्या. फाटल्याली देवी बुडवत न्हाईत.”

“मी म्हणलं, ट्रंकंसकट सोडू,” विजयसिंह म्हणाला.

“गुन्हा मी केला. ट्रंकंनं काय केलंय?”

तिनं झाकण उघडलं. मिरचीचा एक जुना, पिकलेला लोट बाहेर आला. झाकणाच्या आतल्या बाजूला, पिवळट तपकिरी पडलेल्या कागदावर जिवती बसली होती. चेहरा इतर छापांतल्यासारखाच, ठरीव. पण मांडीवरच्या पोराच्या छातीवर एक हात होता, आणि त्या हाताची करंगळी वाकडी होती. खाली बारीक अक्षरांत ओळ होती. ती वाचायची अमीनला गरज नव्हती, तरी त्यानं ती वाचली. कामिल लिथो वर्क्स, शिवाजी पेठ, कोल्हापूर.

“चांगला टिकलाय कागद,” तो म्हणाला. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. “कसर नाही, झुरळ नाही.”

“खळीत मूठभर चटणी घातलती,” चिमणाबाई म्हणाली. “झुरळाची काय टाप हाय?”

अमीननं तिला पावती लिहून दिली. आपण कोण, हे सांगितलं नाही. सांगितलं तर ते मागणं झालं असतं, आणि म्हातारी तर शब्द पाळायला निघाली होती.

*

कागद सोडवायला चार दिवस लागले. ओलसर टिपकागद ठेवायचा, खळ मऊ व्हायची वाट बघायची आणि बांबूची पातळ पट्टी केसभर पुढं सरकवायची. खळ भिजली तशी एक्केचाळीस वर्षांची चटणी जागी झाली. अमीन आणि क्रांती तोंडाला दोन-दोन मास्क लावून आळीपाळीनं शिंकत होते. क्रांती मूळची बिद्रीची, उसाच्या घरातली. तिचे वडील अजून विचारायचे, “त्या कागदाला भाव किती चाललाय?” पण कागद सोडवण्यात तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं.

“सर, तुम्ही शिंकता कमी आणि डोळे जास्त पुसता,” ती तिसऱ्या दिवशी म्हणाली.

“चटणी.”

“माझ्याबी डोळ्यात तीच चटणी हाय की,” क्रांती म्हणाली, आणि तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

बातमी अध्यक्षांपर्यंत जायला नको होती, ती गेली. हंबीरराव एका दूधसंस्थेचे माजी अध्यक्ष, एका शाळेचे आजी अध्यक्ष आणि संग्रहालयाचे कायमचे अध्यक्ष होते. माणूस प्रेमळ. त्यांनी मोकळा झालेला कागद पाहिला, अमीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अमीनभाई, हे तळ्यात जाणार?”

“त्यांचा कागद आहे.”

“आवो, क्रांतीबाई नक्कल करत्यात की अशी झकास! बाईंना नक्कल द्या, खरी आपल्या पेटीत. बाईंचं इसर्जन झालं, आपलं संग्रहालय झालं.”

“फसवणूक होईल, साहेब.”

“कुणाची? देव सगळीकडं आसतो का न्हाई? मग नकलेतबी आसणारच की.”

यावर आजवर फार लोकांना उत्तर सुचलेलं नाही. “नोंदीसाठी नक्कल करून ठेवू,” एवढं तो म्हणाला, आणि ‘नोंदीसाठी’ हा शब्द त्यानं हंबीररावांना ऐकवला की स्वतःला, हे त्याचं त्यालाही नीटसं कळलं नाही.

क्रांतीनं त्या काळच्या एका वहीची कोरी पानं काढली, त्यावर छाप उतरवला, चहाच्या पाण्यानं कागद पिकवला, हळदीची बोटं जिथल्या तिथं उमटवली. शेवटी चिमूटभर चटणीही लावली. दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा ती स्वतःच क्षणभर घोटाळली. अमीन घोटाळला नाही. नकलेतली करंगळी तंतोतंत वाकडी होती, पण ती जात्यात सापडलेली नव्हती.

*

अमावास्येला सकाळी अकरा वाजता चिमणाबाई आली. नवं लुगडं नेसली होती. विजयसिंहच्या एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात तळ्याच्या पाण्याची कळशी होती.

“आधी तळ्यावरच गेलतो,” तो म्हणाला. “आये म्हणली, तिला वाटेत तळ्याचं पाणी दावू. नवी जागा हाय, बुजंल.”

टेबलावर दोन पाकिटं होती. अमीननं रात्रभर ठरवलं होतं की खरा कागद द्यायचा, आणि सकाळी अंघोळ करतानाही तेच ठरवलं होतं. त्यानं हात पुढं केला आणि नकलेचं पाकीट उचललं. हातानं परस्पर उचललं, असं त्याला नंतर वाटलं. पण हाताला बोल लावण्यात काय अर्थ?

चिमणाबाईनं पाकीट उघडूनसुद्धा बघितलं नाही. दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

“उघडून बघा की मावशी. नीट निघालाय का ते.”

“तुमी दिलं म्हंजे नीटच आसंल. मला काय कळतंय त्यातलं?” ती वळली. “चल रं, इजा.”

ती दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर उजवा पाय ठेवला.

“मावशी, थांबा,” अमीन म्हणाला. “ती नव्हे ती.”

विजयसिंहनं कळशी खाली ठेवली. त्याच्या मिशा आता नुसत्या शोभेच्या वाटत नव्हत्या.

“म्हंजे फसवत हुता व्हय आमाला? म्हातारं माणूस बघून?”

“हो,” अमीन म्हणाला. “फसवत होतो.”

इतकं सरळ उत्तर आल्यावर भांडण कसं पुढं न्यायचं, ते विजयसिंहला कळेना. अमीननं दुसरं पाकीट उघडलं, खरी जिवती चिमणाबाईसमोर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगायला लागला. छापखाना, दगड, पदराआड गेलेलं तोंड, पुढं आलेले हात. सांगताना तो कागदाकडंच बघत होता. चिमणाबाई मात्र त्याच्याकडं बघत होती.

“तू कामिलभाईचा?” ती म्हणाली. ‘तुमी’ कधी गेलं ते तिलाही कळलं नाही. “त्यांचं एक पोरगं तोंडाला शाई फासून गल्लीतनं पळायचं.”

“तोच मी.”

“आनि हे हात तुझ्या आईचं?”

“हो.”

चिमणाबाई खुर्चीवर बसली. बराच वेळ तिनं त्या करंगळीकडं बघितलं. “दर साली मी म्हणायचो, आपल्याच देवीची करंगळी वाकडी का? म्हणलं आसंल, लई पोरं वागवल्यात.” मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. “आरं देवा. म्हंजे माझं पोरगं यावं म्हणून एक्केचाळीस वर्सं मी तुझी आई ट्रंकेत कोंडून घातली व्हय रं?”

“कोंडली म्हणून तर राहिली मावशी. न्हायतर तीबी गेली असती.”

“आये, दिऊन टाक त्येला,” विजयसिंह म्हणाला. तो आता अमीनच्या बाजूला येऊन उभा होता. “नक्कल सोडू तळ्यात.”

“गप. तिला धरून ठिवली ती खरी, आनि सोडायची खोटी?” ती अमीनकडं वळली. आवाज मऊ झाला होता, पण मोडला नव्हता. “बाळा, मला देता येत न्हाय रं. शबूद दिलाय. ह्यो आला तर पाण्यात सोडीन म्हणलं, आनि त्यो आला. उद्या परत गेला तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू?”

“नको द्यायला,” अमीन म्हणाला. “तुमचं बरोबर हाय.” आणि हे म्हणताना त्याला जरा हलकं वाटलं, याचं त्यालाच नवल वाटलं. त्यानं जिवती उचलून पाकिटात सरकवली.

ती उठली. जाताजाता तिची नजर आतल्या खोलीकडं गेली आणि ती थबकली. आत मोठ्या पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी होतं, पाण्यात कुस्तीच्या मैदानाचं एक जुनं हँडबिल निजलं होतं, आणि क्रांती कडेला उभी राहून घड्याळ बघत होती.

“अगं बाई,” चिमणाबाई म्हणाली. “तुमीबी बुडवताय व्हय?”

“बुडवत न्हाई मावशी, धुतोय,” क्रांती म्हणाली. “जुन्या कागदात आंबटपणा मुरतो. शुद्ध पाण्यात ठेवला की पिवळं सगळं पाण्यात उतरतं.”

“आनि कागद इरघळत न्हाय?”

“आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघतो. शाई तेलाची आसली तर जागची हालत न्हाई. मग वर काढून वाळवायचा. आनखी शंभर वर्सं जातोय.”

चिमणाबाई ट्रेजवळ गेली. पाणी खरंच फिक्या चहासारखं झालं होतं आणि त्यात दोन पैलवान शांतपणे झुंजत होते. ती बघत राहिली. मिरची कुटताना कांडप कुठं थांबवायचं हे नुसत्या आवाजावरून ठरवणारी ती बाई, तिचा चेहरा तसाच एकचित्त झाला.

“गणपती बुडवल्यावर,” ती सावकाश म्हणाली, “पाट रिकामा आणतोय का आपण घरी?”

“न्हाई,” विजयसिंह म्हणाला. “वाळू आणतो की पाटावर.”

“का आणतो?”

“रिकाम्या हातानं यायचं नसतंय म्हणून.”

“मग देव गेला तरी कायतरी माघारी येतंय.” तिनं अमीनकडं बघितलं. “मी तिला पाण्यात सोडीन म्हणलं हुतं. बाहेर काढणार न्हाय, आसं कवा म्हणलं? जिवती ह्या पाण्याबरूबर कळशीतनं जाईल तळ्याला. कागद माघारी येईल. काय गं पोरी, चालंल का?”

क्रांतीनं अमीनकडं बघितलं. त्याच्याआधी तीच बोलली. “कालच थेंब टाकून बघितलाय मावशी. शाई हालत न्हाई. चालंल.”

मग अर्धा तास संग्रहालयात असं विसर्जन झालं, जसं पूर्वी कधी झालं नव्हतं. उदबत्ती लावता येईना, कारण छतावरची धुराची घंटा वाजली असती. चिमणाबाईनं क्रांतीच्या तपासणीच्या बॅटरीनं ओवाळलं. हँडबिल काढून ट्रेमध्ये भरलेल्या ताज्या शुद्ध पाण्यात तिला कळशीतलं तळ्याचं पाणी ओतायचं होतं. क्रांतीनं हरकत घेतली, चिमणाबाईनं डोळे वटारले, आणि तडजोड एका चमच्यावर झाली. अक्षता ट्रेच्या बाहेर वाहिल्या. हंबीरराव मधेच डोकावले. त्यांनी खरी जिवती पाण्यात जाताना पाहिली, भिंतीला धरून बसले, आणि सगळं कळल्यावर म्हणाले, “मी म्हणलंच हुतं, देव सगळीकडं आसतो.”

“नोंदवहीत काय लिवणार?” त्यांनी विचारलं. “खरेदी का देणगी?”

अमीननं वही ओढली. ‘वस्तू कशी प्राप्त झाली’ या रकान्यात त्यानं लिहिलं: विसर्जनाहून परत. हंबीररावांनी चष्मा लावून वाचलं आणि सही केली.

जिवतीच्या अंगातून पिवळं उतरायला लागलं होतं. धूर, चटणी, एक्केचाळीस वर्षांचं कुलूप, सगळं धाग्याधाग्यानं पाण्यात येत होतं. “जा बाई,” चिमणाबाई हळू म्हणाली. “लई अडकवून ठिवलं तुला. राग धरू नगो.” थोड्या वेळानं क्रांतीनं कागद अलगद पालथा केला. दोन्ही बाजूंनी पाणी लागावं म्हणून तो तसा करावाच लागतो. तिनं मुद्दाम काही केलं नाही.

भिजलेला कागद काचेसारखा होतो. पाठीमागून सगळं चित्र दिसायला लागलं, पण उलटं. हत्ती इकडं आला, वाघ तिकडं गेला. कामिलभाईंची ओळ पहिल्यांदा त्यांनी लिहिली होती तशी दिसली, उलट्या अक्षरांत, न अडखळता. आणि पोराच्या छातीवर थोपटणारा हात डावा झाला.

छापायच्या आधी दगडावर होती तशी. त्याच्याही आधी, पदराआड तोंड घेऊन समोर बसली होती तशी.

अमीन ट्रेवर वाकला. पाणी जरासं हललं, आणि तो हात थोपटल्यासारखा हलला. क्रांती घड्याळ बघायचं विसरली.

“इजा,” पाठीमागून चिमणाबाईचा आवाज आला. “डबा उघड.”

ती भिंतीकडं तोंड करून खाली बसली. खीर-पुरीचं ताट तिनं डोक्यावरून मागं धरलं. हात एकोणऐंशी वर्षांचे होते.

“अतीत कोण?”

विजयसिंह गुडघे मोडून तिच्यामागं बसला. त्याला बसायला वेळ लागला. “मी,” तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, “मी हाय, आये.”

त्यानं एक पुरी घेतली. ताट खाली आलं नाही.

“अतीत कोण?”

“आये, मीच की. घेतली मी.”

“तुला कोण इचारतंय?” चिमणाबाई भिंतीकडंच बघत म्हणाली. ताट तसंच डोक्यावर होतं. “हात दुखत्यात माझं. अतीत कोण?”

अमीननं हातमोजे काढले. भिंतीवर, बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर, ‘या खोलीत खाण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी होती आणि खाली त्याचीच सही होती. त्यानं तिच्याकडं पाठ केली आणि म्हातारीच्या मागं जमिनीवर मांडी घातली.

“मी,” तो म्हणाला.